शंकर बाळकृष्ण दीक्षित : काळाचा हिशेब मांडणारा शाळामास्तर

महाराष्ट्रातील खगोलगणिताच्या परंपरेत केरो लक्ष्मण छत्रे, व्यंकटेश बापूजी केतकर आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित ही तीन नावे प्रामुख्याने घेतली जातात. त्यांपैकी दीक्षित हे आयुष्यभर शिक्षक होते. वेधशाळेतील जागा नाही, विद्यापीठाची पदवी नाही, हाताशी मोठे ग्रंथालय नाही. असे असतानाही भारताच्या प्राचीन इतिहासाचा कालक्रम निश्चित करण्याच्या कामात त्यांचे गणित आधारभूत ठरले. बौद्धांच्या वसतिशाळेच्या स्मरणिकेत वैदिक परंपरेतील एका ब्राह्मण पंडिताचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो रास्त आहे. त्याचे उत्तर दीक्षितांच्या कामातच आहे.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली कोकणातील दापोली तालुक्यात मुरूड या गावी झाला. प्राथमिक शिक्षण गावच्या मराठी शाळेत झाल्यानंतर ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले आणि शिक्षकाची सनद घेऊन बाहेर पडले. पुढे मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. औपचारिक शिक्षण तेथेच थांबले. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि अखेरीस पुन्हा पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज, असा त्यांच्या नोकरीचा प्रवास आहे. दिवसा वर्ग सांभाळावा आणि उरलेल्या वेळात सिद्धांतग्रंथ व गणित यांत बुडून जावे, हा त्यांचा आयुष्यक्रम होता. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी सुबोध मराठीत पुस्तके लिहिली. आकाशातील ग्रहताऱ्यांची ओळख करून देणारा ‘ज्योतिर्विलास’ हा ग्रंथ त्यांपैकीच होय.

त्या काळी पंचांगाचा वाद मोठा होता. जुन्या सूर्यसिद्धांतातील वर्ष हे ऋतुचक्राच्या खऱ्या वर्षापेक्षा सुमारे २४ मिनिटांनी मोठे आहे. ही चूक दिसायला लहान. परंतु सुमारे साठ वर्षांत ती एका दिवसाची होते आणि शतकानुशतके साचत जाते. सूर्याचे उत्तरायण प्रत्यक्षात २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते; पंचांगातील मकरसंक्रांत मात्र जानेवारीच्या मध्यावर येते. प्रत्यक्ष आकाश एक सांगते आणि पोथी दुसरे. अशा वेळी प्रमाण कोणते मानावे? विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह दीक्षितांनी ऋतूंशी जुळणाऱ्या सायन पंचांगाचा पुरस्कार केला आणि तसे पंचांग प्रसिद्धही केले. परंपरेच्या बाजूने मोठा लोकसमूह उभा असल्यामुळे ते रूढ झाले नाही. तरीही पोथीपेक्षा अनुभवाला प्रमाण मानण्याचा त्यांचा आग्रह आपल्याला परका वाटू नये. ऐकीव गोष्ट, परंपरा किंवा ग्रंथाचा आधार एवढ्यावर विसंबून काही स्वीकारू नये, हा तथागतांनी कालामांना दिलेला उपदेश आपल्या शाळेत प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो.

दीक्षितांचे इतिहासाशी जडलेले नाते मात्र याहून महत्त्वाचे आहे. गुप्त राजांच्या शिलालेखांत वर्षे कोरलेली आहेत. पण ती कोणत्या सालापासून मोजायची, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांचे एकमत नव्हते. थॉमस यांच्या मते गुप्त संवताचा आरंभ इ.स. ७७-७८, कनिंगहॅम यांच्या मते १६६-६७, तर बेली यांच्या मते १९०-९१ असा होता. आरंभ दोनशे वर्षांनी मागेपुढे सरकला म्हणजे त्या काळातील प्रत्येक राजा, विहार आणि मूर्ती त्याबरोबर सरकते. अल्बेरुणीने हा संवत शकानंतर २४१ वर्षांनी सुरू झाल्याचे नोंदवले होते. जॉन फेथफुल फ्लीट यांनी नव्या शिलालेखांच्या आधारे त्याचीच पुष्टी केली आणि १८८८ साली गुप्त लेखांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यातील तिथी-वारांचे गणित दीक्षितांनी करून दिले.

या गणिताची रीत समजून घेण्याजोगी आहे. मध्य प्रदेशातील एरण येथे बुधगुप्ताच्या काळचा एक स्तंभ आहे. त्यावर वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा उल्लेख आहे. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते. त्यामुळे एकाच महिन्याची एकच तिथी दरवर्षी वेगवेगळ्या वारी येते. संवताचा आरंभ चुकीचा धरला तर वार जुळेलच अशी खात्री नाही. इ.स. ३१९-२० हा आरंभ धरून दीक्षितांनी गणित केले, तेव्हा ती तिथी २१ जून ४८४ रोजी आली आणि त्या दिवशी वार गुरुवारच होता. एक वार योगायोगानेही जुळू शकतो, म्हणून इतर लेखांतील तिथीही अशाच तपासल्या गेल्या. दगडावरील अक्षर आणि आकाशातील चंद्र यांची साक्ष एक झाली.

याचा आपल्या इतिहासाशी संबंध काय? हाच बुधगुप्त राज्य करीत असताना, गुप्त वर्ष १५७ मध्ये, अभयमित्र नावाच्या भिक्खूने सारनाथ येथे बुद्धमूर्ती स्थापन केली. ती इ.स. ४७६-७७ मधील आहे, असे आज आपण ठामपणे म्हणू शकतो. दुसऱ्या चंद्रगुप्ताचा काळ ठरल्यामुळे फाहियानचा भारतप्रवास त्याच्याच राजवटीत झाला, हे स्पष्ट झाले. त्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही आपल्या विदर्भातील वाकाटक घराण्याची राणी. रामटेकजवळचे नंदिवर्धन ही तिची राजधानी, आणि वा. वि. मिराशी यांच्या मते आपल्या वर्धा जिल्ह्यातील पवनार म्हणजेच वाकाटकांचे प्रवरपूर. याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदविले. गुप्तांचा काळ पक्का झाल्याशिवाय वाकाटकांचा काळ लागत नाही आणि वाकाटकांशिवाय अजिंठ्याच्या त्या लेण्यांचा काळ लागत नाही. ज्यांचा इतिहास पुसला गेला, त्यांच्यासाठी एक खरी तारीख हीसुद्धा मोठी मिळकत असते.

१८९६ साली दीक्षितांचे दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. रॉबर्ट सेवेल यांच्यासह लिहिलेला ‘इंडियन कॅलेंडर’ हा इंग्रजीतील ग्रंथ जुन्या भारतीय तिथींचे इसवी सनात रूपांतर करण्याचे साधन ठरला. दुसरा, ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’, हा पाचशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. नावावरून कोणाचा गैरसमज होऊ नये. त्यात जातकादी शाखांची माहिती असली, तरी ग्रंथाचा मुख्य भार गणितावर आणि त्याच्या इतिहासावर आहे. त्यातील सर्वच निष्कर्ष आज मान्य नाहीत. शतपथ ब्राह्मणातील कृत्तिकांच्या उल्लेखावरून त्यांनी काढलेला इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षांचा काळ अनेक अभ्यासक स्वीकारत नाहीत. मात्र त्यांनी आपले गणित उघड मांडून ठेवले असल्यामुळे ते कोणालाही तपासता येते. एप्रिल १८९८ मध्ये, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

येथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. दीक्षितांना संस्कृत ग्रंथ हाताळता आले, ते जन्माने त्यांना ती मुभा होती म्हणून. त्याच काळी आपल्या पूर्वजांना शाळेची पायरी चढणे कठीण होते, आणि पंचांगातील मुहूर्त त्यांना दुसऱ्याच्या तोंडून, दक्षिणा देऊन ऐकावे लागत. पंचांग हे त्यांच्यासाठी शास्त्र नव्हते, धाक होता.

या कथेचा उत्तरार्ध म्हणूनच मोलाचा आहे. स्वतंत्र भारतात १९५२ साली पंचांग सुधारणेसाठी समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष होते डॉ. मेघनाद साहा. पूर्व बंगालमधील एका लहान दुकानदाराचा हा मुलगा. कोलकात्याच्या वसतिगृहात शिकत असताना, जातीमुळे सवर्ण विद्यार्थ्यांनी त्यांना आपल्या पंगतीत बसू दिले नाही. त्यांना वेगळे जेवावे लागले. तोच विद्यार्थी १९२० साली ताऱ्यांच्या वर्णपटाचा उलगडा करणारे समीकरण मांडून जगद्विख्यात झाला. साहांच्या समितीने आपल्या अहवालात दीक्षितांच्या संशोधनाचा आधार घेतला. २२ मार्च १९५७ पासून लागू झालेली राष्ट्रीय दिनदर्शिका ऋतूंशी जुळणाऱ्या सायन वर्षावरच उभी आहे. कोकणातील शाळामास्तराने धरलेला आग्रह, पंगतीबाहेर बसवलेल्या विद्यार्थ्याच्या अध्यक्षतेखाली शासनमान्य झाला.

आपल्या वसतिगृहात सर्व मुले एकाच पंगतीत जेवतात. यामागे किती मोठा संघर्ष आहे, हे माजी विद्यार्थी आणि पालक जाणतातच. त्या पंगतीतून उठून अभ्यासाला बसणाऱ्या मुलांनी दीक्षितांचे गणित जरूर शिकावे, तपासावे आणि जेथे चुकले असेल तेथे दुरुस्त करावे. धम्मयात्रेत सारनाथच्या त्या बुद्धमूर्तीसमोर उभे राहाल, तेव्हा १५७ मध्ये ३१९ मिळवून पाहा. इ.स. ४७६ हे उत्तर येईल. ते कोणी आणि कसे शोधले, हेही सोबतच्या लहानग्यांना सांगा.