पोरं शाळेत टिकायची तर आधी भाकरी पाहिजे, हे ओळखलेला माणूस : कर्मवीर भाऊराव पाटील

रयत शिक्षण संस्थेचं नाव ऐकलं नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणं अवघड. पण कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट फक्त शाळांची नाही, ती भाकरीचीही आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. मूळ गाव ऐतवडे बुद्रुक, म्हणजे आजचा सांगली जिल्हा. शिकायला ते कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहिले. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला ते गेले आणि परतल्यावर शुद्धीची अंघोळ करायला त्यांनी नकार दिला. बोर्डिंग सुटलं. कुणाला कुठे राहायला आणि जेवायला मिळणार हे जात ठरवते, हे त्यांनी असं स्वतः अनुभवलं.

पुढे ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव फिरले. तेव्हा आजच्या सांगलीचा मोठा भाग सातारा जिल्ह्यातच होता. एकीकडे हिरवागार कृष्णाकाठ, तर दुसरीकडे माण, खटाव, आटपाडी, जतचा दुष्काळी पट्टा. पण उपासमारीचं कारण नुसता पाऊस नव्हता. नदीकाठच्या गावातही ज्याच्याकडे जमीन नाही, डोक्यावर सावकाराचं कर्ज आहे, त्याच्या घरी चूल रोज पेटेलच असं नव्हतं.

अशा घरातल्या पोरानं शिकायचं कसं? पुढच्या शिक्षणासाठी शहर गाठावं लागायचं. खाणावळीला पैसे नाहीत, आणि जात आडवी आली की कुणी दारात उभं करत नाही. म्हणजे फी माफ झाली तरी जेवणाचा प्रश्न तसाच राहायचा.

भाऊरावांनी नेमकं इथेच काम सुरू केलं. १९१९ साली कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, मिळून स्वयंपाक करायची आणि एकाच पंगतीत जेवायची. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

धान्य यायचं कुठून? गावातल्या बायका घरच्या धान्यातून मूठभर बाजूला काढून ठेवायच्या आणि ते वसतिगृहाला द्यायच्या. यालाच मुष्टिफंड म्हणायचे. तरी हात रिकामा व्हायचाच. अशा वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. कर्मठ जैन घरातली ही बाई सगळ्या जातींच्या पोरांची आई झाली. १९३० साली त्या गेल्या.

मात्र पोरांना फुकट खायची सवय लागावी, हे भाऊरावांना मान्य नव्हतं. पोरांनी शेतात राबायचं, दगड फोडायचे, श्रमातून शिक्षणाचा खर्च भागवायचा. हीच ती 'कमवा आणि शिका' योजना. घेतलेल्या घासामागे स्वतःचा घाम असल्यानं पोराला मान खाली घालावी लागत नव्हती.

भुकेलं पोर शिकू शकत नाही, ही अडचण एकट्या साताऱ्याची नव्हती. ब्रिटनमध्ये १९०६ साली शाळकरी मुलांना जेवण देता यावं म्हणून कायदा झाला. भारतात शालेय पोषण आहाराची देशव्यापी योजना यायला १९९५ साल उजाडलं. साताऱ्यात मात्र सत्तर वर्षं आधीच लोकांच्या मूठभर धान्यावर पंगत बसत होती.

भाऊराव वसतिगृहावर थांबले नाहीत. १९३५ साली साताऱ्यात शिक्षक घडवणारं ट्रेनिंग कॉलेज निघालं, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ साली कराडला गाडगे महाराजांच्या नावानं कॉलेज. १९५९ साली पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ९ मे रोजी अण्णा गेले.

शेतात धान्य पिकलं म्हणजे ते प्रत्येकाच्या ताटात पोहोचतंच असं नाही. मध्ये पैसा, जमीन आणि जात उभी असते. कर्मवीरांनी या तिन्ही भिंतींना एकाच पंगतीत उत्तर दिलं.