सर आल्फ्रेड ब्रे केंप

नकाशांत सीमेस सीमा लागून असलेले दोन प्रांत एकाच रंगाचे नसावेत, हें आमच्या बालवाचकांस ठाऊकच आहे. परंतु असा कोणताही नकाशा रंगविण्यास चार रंग पुरतात काय? १८५२ सालीं फ्रान्सिस गथ्री ह्या तरुणाच्या मनांत आलेल्या ह्या साध्या प्रश्नानें मोठमोठे गणिती हैराण झाले. त्यांपैकीं एकाचें चरित्र आम्ही येथें देत आहों.

केंप ह्यांचा जन्म ६ जुलै १८४९ रोजीं लंडन येथें झाला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत शिक्षण संपवून ते बॅरिस्टर झाले. वकिली हा त्यांचा व्यवसाय व गणित हा छंद. १८७९ सालीं त्यांनीं चार रंग पुरतात असें सिद्ध करणारा लेख प्रसिद्ध केला. दोन रंगांच्या प्रांतांची सांखळी धरून त्या रंगांची अदलाबदल करावी व अडलेल्या प्रांतासाठीं एक रंग मोकळा करावा, अशी त्यांची युक्ति होती. विद्वानांनीं ती मान्य केली.

अकरा वर्षें लोटलीं. १८९० मध्यें पर्सी हीवुड ह्यांनीं दाखविलें कीं, दोन सांखळ्या एकदम बदलूं गेल्यास एकीची अदलाबदल दुसरीस बिघडवूं शकते. सिद्धता लंगडी पडली! अशा वेळीं पुष्कळ विद्वान् हट्टास पेटतात. केंप ह्यांनीं मात्र आपली चूक उघडपणें कबूल केली, व ती दुरुस्त करणें आपणांस साधलें नाहीं हेंही सांगितलें. त्यांच्याच युक्तीनें हीवुड ह्यांनीं पांच रंग खात्रीनें पुरतात असें सिद्ध केलें.

ह्या कबुलीनें केंप ह्यांच्या लौकिकास उणेपणा आला नाहीं. १८९८ पासून १९१९ पर्यंत ते रॉयल सोसायटीचे खजिनदार होते. त्यांस सर ही पदवीही मिळाली. २१ एप्रिल १९२२ रोजीं ते निवर्तले.

पुढें १९७६ मध्यें आपेल व हाकेन ह्यांनीं गणकयंत्राच्या साहाय्यानें चार रंगांचा प्रश्न सोडविला. त्यांतही केंप ह्यांच्या सांखळ्या उपयोगी पडल्या. मग नवा प्रश्न निघाला: प्रत्येक प्रांतास पसंतीच्या रंगांची निराळी यादी असून तींतूनच रंग निवडावयाचा असेल तर? चार रंगांची यादी कधीं कधीं अपुरी पडते, हें १९९३ मध्यें मार्गिट फोइग्ट ह्यांनीं दाखविलें. पांचांची नेहमीं पुरते, हें १९९४ मध्यें कार्स्टन थॉमासेन ह्यांनीं सिद्ध केलें.

सिद्धता चुकली, पण युक्ति टिकली. उत्तर चुकलें म्हणून पाटी लपविणाऱ्या मुलांनीं, व त्यांवर रागें भरणाऱ्या पालकांनींही, हें चरित्र ध्यानांत ठेवावें, एवढीच आमची विनंति आहे.