विश्लेषण : लंडनच्या रात्री चार पापड... बाबासाहेबांनी परदेशातील भूक कशी भागवली?

कोहमाऱ्याच्या चौकात मुंबई-कोलकाता महामार्गावरचे ट्रक थांबतात. धाब्यावर जेवण सांगितले, की भाजी येण्याआधी कांदा, लिंबू, लोणचे आणि भाजलेला पापड पुढ्यात येतो. त्याला कोणी जेवण म्हणत नाही; ते तोंडीलावणे. साधारण शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये एक मराठी विद्यार्थी रात्री दहाच्या सुमारास हाच पापड पोटाला आधार म्हणून खात होता. पुढे १९५४ मध्ये तो लोकसभेच्या पोटनिवडणुकीसाठी भंडाऱ्यातून उभा राहिला, तेव्हा कोहमारा भंडारा जिल्ह्यातच होते. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ मध्ये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांची यादी अनेकांना पाठ असते. त्या पदव्या मिळवताना त्यांच्या ताटात काय होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

न्यूयॉर्कमध्ये काय खटकले?

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ च्या जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात ते जेमतेम आठवडाभर राहिले. जेवण नीट शिजवलेले नसे आणि त्यात गोमांस जास्त असे. ते त्यांना रुचले नाही. मग काही भारतीय विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये आणि तेथून लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांनी मुक्काम हलवला. तेथे नवल भथेना हा पारशी तरुण त्यांच्या खोलीत होता. ही मैत्री आयुष्यभर टिकली, आणि पुढे लंडनच्या वेळी तीच कामी आली.

म्हणजे पहिल्या परदेशवारीत जेवण आवडले नाही तर जागा बदलण्याची सोय होती. शिष्यवृत्ती मोठी नव्हती. तिच्यातून घरीही पैसे पाठवायचे असत. पण दर महिन्याला ती येत होती, हे महत्त्वाचे.

मधल्या तीन वर्षांत काय घडले?

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. करारानुसार बडोद्यात नोकरी धरली. तेथे अस्पृश्य म्हणून राहायला घर मिळेना. कचेरीत शिपाई कागदपत्रे लांबून टाकत. अखेर ते मुंबईला आले आणि १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथेही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. कोलंबियाची पदवी हातात होती, तरी माठाला हात लावायचा नाही. लंडनमधील त्यांच्या उपासमारीकडे पाहताना हा माठ विसरून चालत नाही. इथल्या माणसांसमोर प्रश्न पैशाचा नव्हता, स्पर्शाचा होता. लंडनमध्ये तो फक्त पैशाचा उरला.

पगारातून साठवलेली रक्कम, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज एवढ्या बळावर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. या वेळी महिन्याला येणारे असे काहीच नव्हते. होते तेवढे पुरवायचे. मुंबईत परळच्या चाळीत रमाबाईही तेच करत होत्या.

लंडनच्या ताटात काय होते?

धनंजय कीर आणि चां. भ. खैरमोडे या चरित्रकारांनी या दिवसांचे तपशील नोंदवले आहेत. बाबासाहेब ज्या बोर्डिंगात राहत, तिथली मालकीण हात फारच आखडता ठेवणारी होती. सकाळी माशाचा लहानसा तुकडा, पाव, थोडा जॅम आणि चहा. त्यानंतर ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय. उघडताना आत शिरायचे आणि संध्याकाळी बंद होईपर्यंत उठायचे नाही. दुपारचे जेवण नाहीच. त्यात पैसे वाचत आणि वेळही. बसभाडे वाचवण्यासाठी शक्य तिथे पायी. रात्री बोर्डिंगात एक कप बोव्हरिल, बिस्किटे आणि थोडे लोणी.

एवढ्यावर पुन्हा पहाटेपर्यंत वाचन. रात्री दहाच्या सुमारास भूक असह्य होई. एका गुजराती परिचिताने त्यांना पापडांचा पुडा दिला होता. पत्र्याच्या तुकड्यावर चार पापड भाजायचे, कपभर दूध घ्यायचे आणि पुन्हा पुस्तक उघडायचे. खोलीतला सोबती झोपायला सांगे. हे ऐकत नसत.

बोव्हरिल म्हणजे काय?

आजच्या वाचकाला हे नाव अनोळखी वाटेल. बोव्हरिल म्हणजे गोमांसाचा अर्क आटवून केलेला घट्ट, काळपट, खारट लगदा. जॉन लॉसन जॉन्स्टन या स्कॉटिश माणसाने तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजारात आणला. चमचाभर बोव्हरिल गरम पाण्यात ढवळले, की कढणासारखे पेय तयार होते. किंवा टोस्टवर लोण्यासोबत ते पातळसर फासतात. इंग्लंडमध्ये थंडीच्या दिवसांत फुटबॉलच्या मैदानावरही ते प्यायले जाई. स्वस्त, गरम आणि खारट. पोट भरल्याचा भास होतो, भरत मात्र नाही.

न्यूयॉर्कमध्ये गोमांसाचे जेवण नको म्हणून वसतिगृह सोडणारे बाबासाहेब सात वर्षांनी लंडनमध्ये बोव्हरिल पीत होते. यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. खिशात पैसे असतात तोवर आवडनिवड चालते.

मोहरी तीच, मग चव वेगळी का?

बोव्हरिल आणि जॅम हे इंग्रजांचे तोंडीलावणेच. इंग्रजी स्वयंपाक उकडलेला आणि भाजलेला. मीठ-मिऱ्यापलीकडे त्यात मसाला बेताचाच. चव आणायची ती ताटात वाढल्यावर, बाटलीतून आणि डबीतून. त्यातली सर्वांत प्रसिद्ध डबी पिवळी, बैलाच्या डोक्याचे चित्र असलेली. नॉर्विचच्या कोलमन कंपनीची मोहरीपूड १८१४ पासून विकली जाते.

परदेशात नव्याने गेलेल्या मराठी माणसाला ही मोहरी पहिल्यांदा चकवते. आपण मोहरी कडकडीत तेलात टाकतो. ती तडतडते, खमंग होते, पण झणझणीत राहत नाही. मोहरीचा तिखटपणा दाण्यात तयार नसतोच. दाणा फुटून पाणी लागले, की त्यातले एक विकर कामाला लागते आणि नाकात चढणारा उडता घटक तयार होतो. उष्णतेने ते विकर निकामी होते. म्हणून इंग्रज मोहरीपूड थंड पाण्यात कालवून दहा मिनिटे ठेवतात आणि मगच मांसाला लावतात. यात परके काही नाही. आपल्याकडे कोशिंबिरीसाठी आणि लोणच्यासाठी मोहरी फेसतात, ती हीच क्रिया. मिरचीची आग जिभेवर रेंगाळते. फेसलेल्या मोहरीची झिणझिणी डोळ्यांत पाणी आणून क्षणात उतरते.

उलट बाजूनेही देवाणघेवाण झालीच होती. वूस्टर सॉसमध्ये चिंच असते. क्रॉस अँड ब्लॅकवेल ही कंपनी करी पावडर आणि चटण्या बाटलीबंद करून विकत असे. साम्राज्याने भारतीय चव लंडनच्या फडताळात नेऊन ठेवली होती, पण ती परवडणाऱ्यांसाठी. व्हीरास्वामी हे भारतीय उपाहारगृह रीजंट स्ट्रीटवर उघडले ते १९२६ मध्ये, बाबासाहेब परतल्यानंतर तीन वर्षांनी. आधी उघडले असते तरी त्यांना तिथे पाऊल ठेवणे जमले असते असे वाटत नाही.

मग पापडच का?

कारण तो टिकतो. उडदाच्या पिठात पापडखार, मिरे, हिंग घालून लाटलेला आणि वाळवलेला पापड समुद्रप्रवासात खराब होत नाही. पुड्याला वजन नाही. शिजवायला भांडे लागत नाही, फोडणी लागत नाही, घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात शिरावे लागत नाही. दोन मिनिटांची आच पुरते. शिवाय डाळीचा असल्याने बिस्किटापेक्षा थोडा अधिक आधार देतो. दुधाबरोबर पापड ही जोडी आपल्या घरी कोणी वाढणार नाही. लंडनच्या खोलीत तिच्याकडे चव म्हणून पाहायला वेळ नव्हता.

मोहनदास गांधी १८८८ मध्ये लंडनला शिकायला गेले, तेव्हा त्यांनीही घरून आलेले मसाले आणि गोड पदार्थ हळूहळू बंद केले होते आणि साध्या उकडलेल्या भाज्या रुचू लागल्या होत्या. तो जाणीवपूर्वक केलेला प्रयोग होता. बाबासाहेबांच्या कपातले बोव्हरिल हा प्रयोग नव्हता.

या उपाशी रात्रींतून काय निघाले?

जून १९२१ मध्ये एम.एस्सी. मिळाली. १९२२ मध्ये ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले. त्याच ऑक्टोबरमध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लंडन विद्यापीठाला सादर केला आणि ते जर्मनीतील बॉनला गेले. ब्रिटिश धोरणावरील टीका परीक्षकांना झोंबली. मार्च १९२३ मध्ये प्रबंध पुन्हा लिहिण्यास सांगण्यात आले. तोवर पैसे संपले होते. एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले, निष्कर्षांना धक्का न लावता मजकूर पुन्हा लिहून पाठवला आणि त्याच वर्षाअखेर प्रबंध स्वीकारला गेला, ग्रंथरूपानेही आला. १९२१-२२ मध्ये ते किंग हेन्रीज रोडवरील ज्या १० क्रमांकाच्या घरात राहिले, ते महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. आज तिथे स्मारक आहे.

भंडाऱ्यात १९५४ मध्ये काय झाले?

भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होते आणि मतदारसंघ दोन सदस्यांचा होता. राखीव जागेवर बाबासाहेब उभे राहिले. सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता. मेहता निवडून आले. बाबासाहेबांना काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी सुमारे आठ हजार मतांनी हरवले. बाबासाहेबांचे वय तेव्हा ६३ होते. मधुमेह बळावला होता, पाय दुखत आणि खाण्यावर डॉक्टरांची बंधने होती. लंडनच्या न्याहारीत मोजून मिळणारा जॅम आता परवडत होता, पण चालत नव्हता.