रोगाच्या साखळीचा शोध : रॉबर्ट लीपर

पूर्वी आपल्याकडे पायऱ्यांच्या विहिरी पुष्कळ असत. माणसे पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवीत आणि तेच पाणी पिण्यासाठी भरून नेत. अशा गावांतून नारू नावाचा रोग फार आढळे. पायावर फोड येई, तो फुटे आणि त्यातून हातभर लांबीचा, दोऱ्यासारखा कृमी हळूहळू बाहेर पडे. ऐन कामाच्या दिवसांत धडधाकट शेतकरी आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळून राही. हा कृमी माणसाच्या शरीरात शिरतो कसा, याचा पुरावा मिळविण्यासाठी एक तरुण डॉक्टर १९०५ साली आफ्रिकेतील अक्रा येथे गेला. त्याचे नाव रॉबर्ट लीपर.

लीपर यांचा जन्म १७ एप्रिल १८८१ रोजी स्कॉटलंडमधील किलमार्नॉक या गावी झाला. ग्लासगो येथे वैद्यकाचे शिक्षण पुरे करून ते लंडनमधील उष्ण कटिबंधातील रोगांच्या विद्यालयात कृमींचा अभ्यास करू लागले. पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या अगदी बारीक जीवाच्या पोटात नारूची पिले वाढतात, असे फेडचेंको या रशियन शास्त्रज्ञाने पूर्वीच पाहिले होते. लीपर यांनी असे सायक्लॉप्स केळ्यात घालून एका माकडाला चारले. सहा महिन्यांनी त्या माकडाच्या शरीरात नारूचे कृमी सापडले! पिण्याच्या पाण्यातूनच हा रोग होतो, हे त्यामुळे निश्चित झाले. पाणी वस्त्रगाळ करून प्यावे, हा साधा उपाय या ज्ञानावरच उभा आहे. पुढे २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

नारूपेक्षा अवघड कोडे ईजिप्तमध्ये होते. नाईल नदीच्या कालव्यांवर तेथील शेती पिके. पण त्याच कालव्यांत उतरणाऱ्या असंख्य लोकांच्या लघवीतून रक्त जाई आणि ते क्षीण होत. या रोगाचा कृमी १८५१ साली कैरो येथे थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरांनी शोधून काढला होता. म्हणून रोगाला बिल्हार्झिया हे नाव मिळाले. परंतु रोग्याच्या शरीरातून बाहेर पडलेली कृमींची अंडी पाण्यात गेल्यावर पुढे काय होते, हे साठ वर्षे कोणालाच उलगडले नव्हते.

कैरोतील आर्थर लूस हे या विषयातील मोठे अधिकारी पुरुष. लीपर यांनी त्यांच्यापाशी काही काळ शिक्षण घेतले होते. एकदा लूस यांच्या हातावर दुसऱ्या एका कृमीच्या अळ्या असलेल्या पाण्याचा थेंब सांडला आणि त्या अळ्या कातडीतून आत शिरल्या. त्या अनुभवावरून बिल्हार्झियाची अंड्यातून निघालेली अळीही सरळ माणसाच्या कातडीत शिरत असली पाहिजे, असे त्यांनी ठरविले. एवढ्या थोर गुरूच्या मताला आव्हान देणे सोपे नव्हते.

१९१३ साली जपानमध्ये मियाइरी व सुझुकी या संशोधकांनी तेथील अशाच एका कृमीची वाढ गोड्या पाण्यातील गोगलगाईच्या शरीरात होते, असे दाखविले. लीपर पूर्वेकडे गेले आणि तो प्रयोग त्यांनी स्वतः पडताळून पाहिला. इतक्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. ईजिप्तमध्ये उतरलेल्या हजारो सैनिकांना हा रोग जडण्याची भीती निर्माण झाली. म्हणून १९१५ साली सरकारने लीपर यांना कैरोला पाठविले.

कैरोजवळच्या अल् मर्ग या खेड्यातील पुष्कळ मुले या रोगाने पीडलेली होती. लीपर यांनी तेथील कालव्यांतून गोगलगाई गोळा केल्या. त्यांच्यातून शेपटीवाल्या बारीक अळ्या बाहेर पडत. त्या अळ्या असलेल्या पाण्यात उंदीर व माकडे सोडली, तेव्हा त्यांना रोग झाला. गोगलगाईच्या दोन जाती दोन वेगळे कृमी वाढवितात, हेही लीपर यांनी सिद्ध केले. गुरूंचे मत चुकीचे ठरले. पण ते चुकीचे ठरले ते वादविवादाने नव्हे, प्रयोगाने. गोगलगाईतून निघालेली अळी दोन दिवसांत माणूस न मिळाल्यास मरते. म्हणून गोगलगाई काढून पाणी दोन दिवस साठवावे व मग वापरावे, असा सल्ला सैन्याला देता आला.

साखळीची मधली कडी सापडली, तेव्हा ती तोडण्याचे प्रयत्न सुरू झाले. मोरचुदासारखी औषधे पाण्यात टाकण्यात आली. परंतु त्यांनी मासेही मरत आणि काही दिवसांनी गोगलगाई पुन्हा वाढत. मग एका गोगलगाईवर दुसरी गोगलगाय सोडण्याची युक्ती शास्त्रज्ञांनी योजिली. मेलानॉइडिस नावाची एक निमुळत्या शंखाची गोगलगाय आपल्या तळ्यांतही आढळते. ती पिलांना शंखातच वाढविते आणि नराच्या साहाय्यावाचूनही तिची संख्या झपाट्याने वाढते. एकाच तळ्यातील अन्नावर दोघींचा निर्वाह होत नाही आणि रोग वाहणारी गोगलगाय मागे पडते. कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर १९८३ पासून हा प्रयोग झाला आणि अनेक ठिकाणी रोगवाहक गोगलगाय नाहीशी झाली. मात्र मेलानॉइडिस स्वतः इतर काही कृमी वाहते. म्हणून परकी गोगलगाय नव्या पाण्यात सोडण्यापूर्वी पुष्कळ विचार करावा लागतो.

हे कोडे केवळ दूरदेशीचे नव्हते. १९५२ साली रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी डॉ. गाडगीळ व डॉ. शाह यांना हाच रोग आढळला. तेथेही शोध घेता घेता दृष्टी पाण्यातील टोपीसारख्या चिमुकल्या शंखाच्या गोगलगाईकडेच वळली. लीपर यांनी दाखविलेली वाट कोकणातील त्या खेड्यापर्यंत येऊन पोचली होती.

लीपर यांनी १९२३ साली कृमिशास्त्राचे एक स्वतंत्र नियतकालिक सुरू केले आणि अनेक विद्यार्थी घडविले. २१ मे १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. कालव्याच्या काठी चिखलात वाकून शिंपल्यांएवढ्या जीवांची उलथापालथ करणाऱ्या या माणसाने लक्षावधी लोकांच्या दुःखाचे मूळ शोधून काढले. रोगाशी लढायचे, तर प्रथम त्याचे घर कोठे आहे ते पाहिले पाहिजे, हे त्यांच्या साऱ्या आयुष्याने दाखवून दिले.