महाराणी येसूबाई : स्वराज्यासाठी पत्करलेली कैद

शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्के यांच्या कन्या येसूबाई या शिवछत्रपतींच्या स्नुषा. संभाजी महाराज मोहिमांवर असत, तेव्हा रायगडावरील कारभार त्या सांभाळीत. सखी राज्ञी या बिरुदाची स्वतंत्र मुद्रा त्यांच्याकडे होती. १८ मे १६८२ रोजी माणगावनजीक गांगवली येथे त्यांचे पुत्र शाहू यांचा जन्म झाला.

फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरी संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडले. शाहू तेव्हा अवघे सहा वर्षांचे होते. संकटकाळी गादीवर कर्ता पुरुष हवा, हे जाणून येसूबाईंनी पुत्राचा हक्क बाजूला ठेवला आणि दीर राजाराम यांचे मंचकारोहण करविले. ११ मार्च रोजी औरंगजेबाने संभाजी महाराजांची हत्या करविली. पाठोपाठ झुल्फिकारखानाचा रायगडाला वेढा पडला. सारे राजकुटुंब एकाच ठिकाणी अडकले, तर राज्यच बुडेल, म्हणून राजारामांनी गड सोडावा असे ठरले. येसूबाई मात्र शाहूंसह गडावरच राहिल्या. नोव्हेंबरमध्ये रायगड पडला आणि मायलेक कैद झाले.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहूंची सुटका झाली. परंतु मातोश्रींना मोगलांनी ओलीस ठेवले. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांनी दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदांसह त्यांनाही साताऱ्यास आणले. सुमारे तीस वर्षांची ती कैद होती. राजाराम निसटले, म्हणूनच जिंजीहून लढा चालू राहिला. त्याची किंमत येसूबाईंनी मोजली.