निषिद्ध भाषेतील कवी : डेझमंडचा अर्ल गॅरोड

१३६६ साली आयर्लंडमधील किलकेनी या नगरात इंग्लंडच्या राजाच्या नावाने संसद भरली. राजा तिसरा एडवर्ड याचा पुत्र, क्लॅरन्सचा ड्यूक लायनेल, याच्या कारकिर्दीत भरलेल्या या संसदेने जो कायदा संमत केला, तो आयर्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या इंग्रजांच्या रोजच्या जगण्याला हात घालणारा होता. त्यांनी आपसांत इंग्रजीच बोलावे, नावे इंग्रजी ठेवावीत, घोड्यावर इंग्रजी रीतीने खोगीर घालून बसावे. आयरिश घराण्यांशी सोयरीक करू नये, आपली मुले त्यांच्या घरी वाढवायला देऊ नयेत, तंटे आयरिश कायद्याने सोडवू नयेत. आणि आयरिश कवी, वादक व कथेकरी यांना घरात थारा देऊ नये, असे त्यात फर्मावले होते. भाषेचा नियम मोडणाऱ्याच्या जमिनीवर जप्ती येणार होती. इंग्रजीच्या रक्षणासाठी केलेला हा कायदा लिहिला गेला तो मात्र फ्रेंच भाषेत.

पुढच्याच वर्षी, १३६७ मध्ये, आयर्लंडच्या कारभाराची सूत्रे राजाचा मुख्य प्रतिनिधी म्हणून डेझमंडचा तिसरा अर्ल जेराल्ड फिट्झजेराल्ड याच्या हाती आली. या कायद्याची अंमलबजावणी हे आता त्याचे कर्तव्य होते. पण आयर्लंड त्याला आजही ओळखते ते गॅरोड इअर्ला, म्हणजे अर्ल गॅरोड, या आयरिश नावाने. आणि त्याची ओळख आहे ती आयरिश भाषेतील कवी म्हणून.

फिट्झजेराल्ड घराणे मुळात नॉर्मन. लिन्स्टरचा पदच्युत राजा डर्मट मॅकमरो याने गमावलेले राज्य परत मिळवण्यासाठी समुद्रापलीकडून मदत मागितली, तेव्हा ११६९ पासून जे सरदार वेल्समधून आयर्लंडमध्ये उतरले, त्यांत या घराण्याचा मूळ पुरुष मॉरिस होता. फिट्झ हा शब्दच नॉर्मन फ्रेंच. त्याचा अर्थ पुत्र. काळाच्या ओघात या वंशाच्या दोन मोठ्या शाखा झाल्या, एक किल्डेअरची आणि दुसरी डेझमंडची. डेझमंड म्हणजे दक्षिण मन्स्टर, आजच्या केरी, लिमरिक आणि कॉर्क या परगण्यांतील विस्तीर्ण मुलूख. डब्लिनचा दरबार तिथून दूर, आणि मॅकार्थी व ओब्रायन ही बलाढ्य आयरिश घराणी मात्र शेजारी. लढाई त्यांच्याशीच आणि तहही त्यांच्याशीच. कुळे, दाया, सैनिक, न्याय सांगणारे पंडित हे सारे आयरिश बोलणारे. अशा मुलुखात राज्य करणाऱ्याला आयरिश येणे ही हौस नव्हती, गरज होती.

जेराल्डचे वडील मॉरिस यांना १३२९ मध्ये अर्ल ही पदवी मिळाली. महत्त्वाकांक्षी आणि भांडखोर असा हा माणूस राजाविरुद्ध बंडात उतरला, किल्ले गमावून बसला, पुढे माफी मिळवून राजाचा प्रतिनिधीही झाला आणि १३५६ मध्ये मरण पावला. चौदाव्या शतकात आयर्लंडमध्ये तयार झालेले एक छोटेखानी हस्तलिखित आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी अशा तीन भाषांतील मजकूर त्यात एकत्र आहे. ऐषारामी मठवासीयांची, लबाड दुकानदारांची आणि कारागिरांची टर उडवणाऱ्या इंग्रजी कविता त्यात आहेत, आणि डेझमंडच्या अर्लच्या नावावर घातलेली काही फ्रेंच बोधपर पद्येही आहेत. वडिलांच्या नावाशी फ्रेंच पद्ये जोडली गेली, मुलाने आयरिशमध्ये काव्य रचले. एका पिढीच्या अंतरात या घराण्याची भाषा कुठून कुठे गेली, याची ही खूण आहे.

जेराल्ड हा धाकटा मुलगा. अर्लपद त्याच्या वाट्याला येईल अशी चिन्हे नव्हती. थोरला सावत्र भाऊ मॉरिस दुसरा अर्ल झाला, पण १३५८ मध्ये आयरिश समुद्र ओलांडताना तो बुडाला. मधला भाऊ निकोलस मनाने अधू असल्याने कारभारास असमर्थ ठरवण्यात आला. अशा रीतीने १३५९ मध्ये राजाच्या संमतीने जेराल्ड गादीवर बसला. त्याच सुमारास ऑर्मंडचा अर्ल जेम्स बटलर याची कन्या एलेनॉर हिच्याशी त्याचा विवाह झाला. बटलर घराणे राजनिष्ठ मानले जाई. डेझमंडच्या नव्या अर्लला इंग्लंडच्या दरबाराशी बांधून ठेवणारी ही सोयरीक होती.

त्या काळात भाषा आणि सामाजिक वर्ग यांचे नाते किती घट्ट होते, हे लक्षात घेतल्याशिवाय जेराल्डच्या काव्यातील धाडस कळत नाही. इंग्लंडमध्ये लॅटिन ही धर्मपंडितांची, फ्रेंच ही सरदारांची आणि कायद्याची, तर इंग्रजी ही शेतकरी, कारागीर आणि व्यापाऱ्यांची भाषा, अशी सर्वसाधारण विभागणी होती. जेराल्डच्या हयातीतच ती विस्कटू लागली. १३६२ मध्ये न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा झाला. लँगलंडने नांगरधाऱ्याला आपल्या दीर्घ काव्याच्या केंद्रस्थानी आणले, आणि चॉसरने सरदारापासून पिठाच्या गिरणीवाल्यापर्यंत सर्व थरांतील यात्रेकरूंना एका वाटेवर आणून इंग्रजीत बोलते केले. या चॉसरचे नाव कागदोपत्री प्रथम आढळते ते १३५७ च्या एका खर्चाच्या हिशेबात, त्याच्यासाठी घेतलेल्या कपड्यांच्या नोंदीत. तो हिशेब होता अल्स्टरची काउंटेस एलिझाबेथ हिच्या घरचा, आणि एलिझाबेथचा पती म्हणजे पुढे किलकेनीचा कायदा करवून घेणारा लायनेल. इंग्लंडमध्ये खालच्या थरातून वर चढत असलेली इंग्रजी आयर्लंडमध्ये मात्र आयरिशपुढे मागे सरत होती. १३४८ च्या महामारीने इंग्रजांच्या वस्तीची नगरे विरळ केली होती, कित्येक कुटुंबे समुद्र ओलांडून परत गेली होती. किलकेनीच्या कायद्यात जितका अधिकार दिसतो, तितकीच धास्तीही दिसते.

आयरिश समाजातही काव्यावर वर्गाचा पहारा होता. काव्य हा तिथे वंशपरंपरागत व्यवसाय होता. ओ डाली यांच्यासारख्या घराण्यांतील मुले वर्षानुवर्षे काव्यशाळेत शिकत, मात्रांचे आणि यमकांचे अत्यंत काटेकोर नियम आत्मसात करत आणि मग एखाद्या राजाच्या आश्रयाला राहत. कवीने केलेली स्तुती आश्रयदात्याची सत्ता बळकट करी, तर निंदा त्याची अब्रू घेई. इंग्रज अधिकाऱ्यांना हे कवी हेर वाटत आणि किलकेनीच्या कायद्यातही तसाच संशय व्यक्त झाला आहे. डेझमंडच्या दारी असाच एक थोर कवी होता, गोफ्री फिन ओ डाली. जेराल्डला उद्देशून रचलेल्या एका कवितेत त्याने आपल्या धंद्याचे गुपित मोकळेपणाने सांगून टाकले आहे. आयरिश राजांसाठी रचलेल्या काव्यात परकीयांना समुद्रापार हाकलण्याची ग्वाही द्यायची, आणि परकीय सरदारांसाठी रचलेल्या काव्यात आयरिशांना हाकलण्याची. ऐकणाऱ्याने ते मनावर घ्यायचे नसते, असा त्याचा आशय. असा कबुलीजबाब एका नॉर्मन वंशाच्या अर्लला आयरिशमध्ये ऐकवता येतो, यातच त्या दोघांमधील जवळीक स्पष्ट होते.

जेराल्डने स्वतः लेखणी उचलली ती धंदेवाईक कवी म्हणून नव्हे, तर हौशी सरदार म्हणून. काव्यशाळेतील कडक छंद बाजूला ठेवून त्याने त्यांचेच सैल, मोकळे रूप वापरले. फ्रेंच दरबारांत रुजलेली प्रेमकाव्याची रीत, म्हणजे अप्राप्य प्रियेची आराधना, विरहातील गोड दुखणे, चतुर विनोद, ही त्याने आयरिशमध्ये आणली. या प्रकारचे आयरिश काव्य ज्यांच्या नावावर सापडते, अशा कवींत तो अगदी आरंभीचा आहे. स्त्रियांना नावे ठेवणाऱ्यांचा समाचार घेणारी त्याच्या नावावरची कविता आजही आयर्लंडमध्ये वाचली जाते. फ्रेंच रीतीला त्याने जोड दिली ती फिन आणि कुहूलिन या आयरिश वीरांच्या कथांची. त्या कथांचे संदर्भ त्याच्या काव्यात घरच्या माणसांच्या उल्लेखाइतक्या सहजतेने येतात. शिकून घेतलेल्या भाषेत अशी सहजता क्वचितच येते. बालपणी कानावर पडलेल्या भाषेतच ती येते.

मात्र दोन भाषांत राहणाऱ्या या माणसाला दोन निष्ठांचा ताणही सोसावा लागला. एका कवितेत तो आपली व्यथा मांडतो. राजाची सक्ती नसती तर आयरिशांवर आपण शस्त्र धरले नसते, आणि लंडनच्या बंदिवासापेक्षा आपल्या भाऊबंदांमध्ये, मग ते आपल्याविषयी काहीही म्हणोत, राहणे आपल्याला अधिक पसंत आहे, असा तिचा भाव आहे. हे भाऊबंद म्हणजे शेजारचे आयरिश सरदारच.

राजाला त्याचा कारभार समाधानकारक वाटला नसावा. १३६९ मध्ये त्याच्या जागी विल्यम ऑफ विंडसर हा इंग्लंडहून आलेला अधिकारी नेमला गेला. दुसऱ्याच वर्षी, १३७० च्या जुलैमध्ये, लिमरिक परगण्यातील क्रूमजवळच्या मठापाशी थोमंडच्या ब्रायन ओब्रायनने जेराल्डचा दारुण पराभव केला आणि त्याला कैद केले. लिमरिक शहरही जाळपोळीतून सुटले नाही. आयरिश भाषेवरील प्रभुत्वाने आयरिश शत्रूच्या तावडीतून त्याची सुटका केली नाही. पण त्या बंदिवासातही त्याने आयरिशमध्येच काव्य रचले.

या आयुष्यातील सर्वांत बोलका प्रसंग त्यानंतर अठरा वर्षांनी घडला. १३८८ मध्ये जेराल्डने राजा दुसरा रिचर्ड याच्याकडे एक परवानगी मागितली. आपला मुलगा जेम्स याला थोमंडच्या कॉनर ओब्रायनच्या घरी वाढवायला ठेवण्याची ती परवानगी होती. ज्या घराण्याने त्याला कैदेत टाकले होते, त्याच घराण्यात तो आपला मुलगा पाठवत होता. आयरिश समाजात अशा संगोपनाला रक्ताच्या नात्याइतकेच मोल असे. मूल ज्या घरी वाढे, तिथली भावंडे त्याची जन्माची सोबती होत, आणि दोन घराण्यांतील वैराला त्यामुळे आळा बसे. किलकेनीच्या कायद्याने नेमकी हीच प्रथा निषिद्ध केली होती. तरी राजाने परवानगी दिली. कायदा कागदावर कायम राहिला, आणि त्यातून सूट देणारा कागदही राजाच्याच दप्तरात नोंदला गेला. हाच जेम्स पुढे डेझमंडचा सहावा अर्ल झाला.

परक्या मुलुखात सत्ता घेऊन गेलेल्यांनी तिथली भाषा आपलीशी करण्याची उदाहरणे मराठी वाचकाला अपरिचित नाहीत. तमिळ मुलुखातील तंजावर येथे गादीवर बसलेल्या भोसले घराण्यातील शहाजी राजाने सतराव्या-अठराव्या शतकांच्या संधिकाळात तेलुगूत गेय नाटके रचली, आणि म्हणून त्याचे मराठीपण कुणी काढून घेतले नाही. तंजावरच्या दरबारात अनेक भाषा सुखाने नांदल्या. आयर्लंडमध्ये मात्र कोणती भाषा बोलता यावरून माणूस राजनिष्ठ की राजद्रोही हे ठरवू पाहणारा कायदा उभा होता. त्यामुळे तिथे कविता रचणे आणि मुलाला शेजाऱ्याकडे वाढवणे, या दोन्ही गोष्टींना राजकारणाचे वजन आले.

१३९८ मध्ये जेराल्ड मरण पावला. आयरिश इतिहासकारांनी त्याच्या मृत्यूची नोंद करताना त्याचा आनंदी, मनमिळाऊ स्वभाव गौरवला आणि आयरिश भाषा, काव्य व इतिहास यांच्या ज्ञानात तो सर्व इंग्रजांच्या आणि अनेक आयरिशांच्याही वरचढ असल्याचे लिहून ठेवले. त्याच्या सुमारे तीस कविता पंधराव्या शतकातील फरमॉयच्या ग्रंथात उतरवून घेतल्या गेल्या. तो ग्रंथ आज डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत आहे. काही कविता समुद्र ओलांडून स्कॉटलंडला पोहोचल्या आणि सोळाव्या शतकात लिझमोरच्या डीनच्या ग्रंथात जतन झाल्या.

लोकांनी मात्र त्याचा मृत्यू मानलाच नाही. लिमरिक परगण्यातील लॉख गर सरोवराच्या तळाशी तो निद्रिस्त आहे, दर सात वर्षांनी चांदीचे नाल ठोकलेल्या पांढऱ्या घोड्यावर बसून तो पाण्यावरून फेरी मारतो आणि नाल झिजून गेले की परत येणार आहे, अशी आख्यायिका आहे. त्याची आई म्हणजे त्या परिसरातील टेकडीवर वास करणारी देवता आन्या, असेही ही कथा सांगते. फ्रेंच नाव, इंग्रजी पदवी आणि राजाची सनद मिरवणाऱ्या घराण्यातील माणसाला लोककथेने आयरिश मातीतील देवीच्या पोटी जन्माला घातले. आपलेपणाचा याहून मोठा दाखला त्या समाजाकडे नव्हता.

डेझमंडची सत्ता पुढे जवळजवळ दोन शतके टिकली. अखेरचा बंडखोर अर्ल, त्याचेही नाव जेराल्डच, १५८३ मध्ये केरीच्या रानात मारला गेला आणि घराण्याच्या जमिनी जप्त होऊन इंग्लंडहून आलेल्या नव्या वसाहतकारांत वाटल्या गेल्या. त्यांपैकी कॉर्कमधील किलकोमन किल्ला मिळाला कवी एडमंड स्पेन्सर याला. तिथे राहून त्याने इंग्रजीतील एक महाकाव्य लिहिले आणि आयर्लंडच्या स्थितीविषयी एक संवादही. जुन्या इंग्रज घराण्यांची मुले आयरिश दायांच्या दुधाबरोबर त्यांची भाषा पितात आणि भाषेमागोमाग मनही आयरिश होते, ही त्या संवादातील तक्रार आहे. किलकेनीच्या कायद्याला दोनशे तीस वर्षे होत आली होती, आणि तक्रार तीच होती.

आज किलकेनीचा कायदा इतिहासाच्या विद्यार्थ्यांखेरीज फारसे कुणी उघडून पाहत नाही. गॅरोडच्या कविता मात्र ज्या भाषेवर त्या कायद्याने बंदी घातली होती, त्या भाषेच्या काव्यसंग्रहांत आजही स्थान राखून आहेत.