यंत्राआधी घराचे मोजमाप : म्हैसूर संस्थानाचे वास्तुविशारद ओटो कोनिग्सबर्गर

घरासाठी वातानुकूलन यंत्र एक टनाचे घ्यावे की दीड टनाचे, हा प्रश्न आता घरोघरी विचारला जातो. येथे टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. एक टन क्षमतेचे यंत्र खोलीतील सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर टाकते. मात्र खोलीत मुळात किती उष्णता शिरते, हे घराची रचना ठरवते. या विचाराला शास्त्रशुद्ध रूप देणाऱ्यांमध्ये म्हैसूर संस्थानाचे मुख्य वास्तुविशारद ओटो कोनिग्सबर्गर यांची गणना होते.

कोनिग्सबर्गर यांचा जन्म १९०८ साली बर्लिन येथे झाला. विख्यात भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न हे त्यांचे मामा. ज्यू कुटुंबातील असल्याने १९३३ मध्ये नाझी राजवट येताच त्यांना जर्मनी सोडावी लागली. इजिप्तमध्ये काही वर्षे प्राचीन वास्तूंचा अभ्यास केल्यानंतर १९३९ मध्ये ते म्हैसूर संस्थानाच्या सेवेत रुजू झाले. सर मिर्झा इस्माईल तेव्हा संस्थानाचे दिवाण होते.

संस्थानाची राजधानी म्हैसूर असली तरी प्रशासन बंगळूरहून चालत असे. तेथील भारतीय विज्ञान संस्थेच्या काही इमारतींची रचना कोनिग्सबर्गर यांनी केली. पुढे जमशेदपूर आणि भुवनेश्वर या शहरांचे आराखडेही त्यांनी तयार केले. म्हैसूरच्या पठारावरील सौम्य हवा, जमशेदपूरचा कडक उन्हाळा आणि भुवनेश्वरचा दमटपणा यांना एकच नमुना पुरेसा पडणार नाही, हे या कामांतून उघड होते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये ते केंद्र सरकारचे गृहनिर्माण संचालक झाले. फाळणीमुळे बेघर झालेल्यांसाठी घरांची तातडीची गरज होती. त्यासाठी दिल्लीत कारखान्यात तयार होणाऱ्या घरांची योजना आखण्यात आली. परंतु तांत्रिक अडचणींमुळे ती अपयशी ठरली आणि त्यावर टीकाही झाली. १९५१ मध्ये कोनिग्सबर्गर यांनी भारत सोडला.

लंडनमध्ये त्यांनी उष्ण कटिबंधातील वास्तुकलेच्या अध्यापनाला वाहून घेतले. कार्ल महोनी आदी सहकाऱ्यांसह विकसित केलेली त्यांची तक्ता-पद्धती १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी प्रसिद्ध केली. एखाद्या ठिकाणचे दर महिन्याचे तापमान, आर्द्रता आणि पाऊस तक्त्यात भरला, की इमारतीची दिशा, खिडक्यांचा आकार, भिंतींची जाडी आणि छपराचा प्रकार कसा असावा, याचे मार्गदर्शन मिळते. १९७४ मध्ये सहलेखकांसह लिहिलेला त्यांचा उष्ण कटिबंधातील घरबांधणीवरील ग्रंथ प्रकाशित झाला.

यंत्राची क्षमता ठरवतानाही हाच क्रम उपयोगी पडतो. पश्चिमेची उघडी खिडकी, तापणारी गच्ची आणि खोलीतील माणसांची संख्या यांचा हिशेब आधी करावा लागतो. खिडकीवर छज्जा आणि छपरावर उष्णतारोधक थर असेल, तर लहान यंत्रही पुरते. गरजेपेक्षा मोठे, एकाच वेगाने चालणारे यंत्र खोली झटपट गार करून बंद पडते आणि हवेतील दमटपणा तसाच राहतो. लहान यंत्र अखंड चालत राहून वीज खाते.

कोनिग्सबर्गर यांचे १९९९ मध्ये लंडन येथे निधन झाले. हवामान आधी, घर त्यानंतर आणि यंत्र शेवटी, हा क्रम त्यांच्या कार्यातून आजही शिकता येतो.